चादरीवरचा हात

"तो हात काढ तिथून," आई फोनवर म्हणाली, आणि तो काही विचारायच्या आत तिनं फोन ठेवून दिला.

तो मेकअपच्या खुर्चीत बसला होता. मेकअपवाला त्याच्या चेहऱ्यावर आजारपण चढवत होता. म्हणजे आधी होतं नव्हतं ते रक्त पावडरीखाली गाडायचं, मग डोळ्यांखाली बोटानं काळसर ओढायचं, आणि शेवटी ओठांवर जरासं मेण चोळून ते सुकल्यासारखे करायचे. "तोंड हलवू नका," मेकअपवाला म्हणाला. त्यानं फोन मांडीवर पालथा ठेवला. कुठला हात? त्याला आधी वाटलं, आई कुठे पडली-बिडली, दारात हात अडकला, आणि घाबरून भलतंच बोलली. मग वाटलं, दुसऱ्याच कुणाला करायचा फोन आपल्याला लागला. पण आवाज घाबरलेला नव्हता, चुकलेलाही नव्हता. लहानपणी तो गुपचूप डब्यात हात घालायचा आणि आई मागे येऊन उभी राहायची, तेव्हाचा तो आवाज होता. चढा नाही, उलट खाली गेलेला. आई सहसा फोन करत नसे. यानंच करायचा, आणि तिनं "ठीक आहे, ठेव आता, उगाच बिल नको" म्हणायचं, बिलाचा जमाना कधीच सरला तरी. आरशात मेकअपवाल्याची बोटं त्याच्या गालावरून फिरत होती आणि तो स्वतःचे हात शोधत होता. दोन्ही एप्रनखाली होते. काढायला सांगण्यासारखं त्यांनी काही केलेलं नव्हतं.

मालिकेत तो एका श्रीमंत घराचा कर्ता पुरुष होता. बोलावणं आलं तेव्हा थोडक्या दिवसांचं काम होतं: थोरल्या मुलानं कारखाना परस्पर गहाण टाकल्याचं कळायचं, जिन्यात कोसळायचं, इस्पितळात दोनदा डोळे उघडायचे आणि मरायचं. कोसळणं त्यानं मन लावून केलं होतं. कठड्यावरून हात निसटतो कसा, गुडघा आधी जातो की मान, याचा त्यानं घरी बायकोसमोर चार वेळा विचार केला होता आणि बायको म्हणाली होती, "पडायचं तर पड बाबा एकदाचा, मला वह्या तपासायच्या आहेत." पण मरणाच्या आदल्या दिवशी लेखकाच्या लक्षात आलं, की म्हातारा गेला तर इस्टेटीचं भांडण एका आठवड्यात मिटेल. म्हणून म्हातारा गेला नाही. त्याला घरी आणलं, एका मोठ्या पलंगावर निजवलं, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली असं ठरवलं, आणि तेव्हापासून तो निजलेला होता. त्याच्या उशाशी मुलं भांडत, सुना रडत, वकील खोटं बोलत. तो डोळे उघडे ठेवून छताकडे बघे. छत नव्हतंच; वर दिवे होते, दोऱ्या होत्या आणि पत्र्याखाली घरटं केलेलं एक कबुतर होतं. सेटवर सगळे त्याला 'पेशंट' म्हणत. "पेशंटला बोलवा," "पेशंटचं जेवण झालं का," "पेशंट जरा इकडे सरका, वकिलांची सावली पडते."

सगळ्यात सोपं काम, असं जो तो म्हणे. त्यालाही आधी तसंच वाटलं होतं. पण दिवसभर न हलता पडून राहिल्यावर संध्याकाळी उठताना अंगात एक विचित्र थकवा भरलेला असे; श्रमाचा नव्हे, न वापरल्याचा. तीस वर्षं त्यानं रंगभूमीवर आवाज वापरला होता. शेवटच्या रांगेतल्या, कानानं अधू असलेल्या म्हाताऱ्यापर्यंत कुजबूज पोचवायची, हा त्याचा हातखंडा होता. नाटकं कमी झाली, मग नाटकवाले कमी झाले, मग तो आणि त्याच्यासारखे दोघे-चौघे एकमेकांना कुणाच्या तरी शोकसभेत भेटू लागले. आता त्या आवाजाला दिवसातून एखादा "आँ" काढायला मिळे, तोही बहुतेकदा कापला जाई. औषधाच्या दुकानातला माणूस पोटाच्या गोळ्या पुढे करत म्हणायचा, "अरे वा, आता उठून फिरायला लागलात वाटतं!" आणि दुकानातली गिऱ्हाइकं हसायची, तोही हसायचा. बायको म्हणायची, "तिकडे दिवसभर आडवं, इकडे येऊन पुन्हा आडवं. दोन्ही घरांत मिळून बरा कुठल्या घरात असतोस, ते तरी सांग." तिच्या बोलण्यात राग नसे. ती स्वतः शाळेतून येऊन बुटांसकट खुर्चीत बसून राहायची, बूट काढायला वाकायचं कुणी, म्हणून.

मेकअप संपत आला होता तेव्हा दिग्दर्शक आत आला. दिग्दर्शक त्याच्या मुलाच्या वयाचा म्हणावा असा होता, फक्त याला मुलगा नव्हता. तो सगळ्यांना सर म्हणे आणि सगळे त्याला सर म्हणत, त्यामुळे सेटवर कुणी हाक मारली की पाच जण वळून बघायचे.

"सर, काय केलंत तुम्ही परवा!"

झोप लागली होती, हे कळलं वाटतं. परवाच्या चित्रीकरणात, भांडणाचा लांबलचक प्रसंग चालू असताना, खरोखर डुलकी लागली होती त्याला. किती वेळ, ते त्यालाही माहीत नव्हतं.

"तो हात, सर! कालच्या भागात गेलाय. चॅनेलवरून सकाळी फोन. म्हणतात, हे काय आहे, हे कुणी सुचवलं. मी म्हटलं, आमचे सर आहेत. हे बघा."

दिग्दर्शकानं फोन त्याच्या नाकासमोर धरला. पडद्यावर सुना भांडत होत्या, आणि त्यांच्या मधल्या फटीतून, जरा धूसर, पलंगावरचा डावा हात दिसत होता. तर्जनी आणि अंगठा एकत्र येत. चादरीची चिमूट धरत. किंचित उचलत, बाजूला नेत, सोडत. पुन्हा परत येऊन दुसरी चिमूट. घाई नव्हती, पण थांबणंही नव्हतं. एखाद्याला काही तरी करायचंच आहे आणि ते होत नाहीये, असा तो हात होता. याच्या मनगटावर पांढऱ्या केसांची लव होती, म्हणून तो याचा म्हणायचा. नाही तर तो त्याच्या बाबांचा हात होता.

"मी... मला आठवत नाही मी हे केलेलं," तो म्हणाला.

"तेच तर, सर! आतून आलंय." दिग्दर्शक टेबलावर टेकला. "आता ऐका. उद्या पूर्ण प्रसंग त्याच्यावर. धाकटी सून सूप भरवतेय, तिला हात दिसतो. आणि तिला कळतं, की बाबा पियानो वाजवतायत. तरुणपणी वाजवायचे. हॉलमध्ये पियानो आहेच आपल्या, पहिल्या दिवसापासून नुसता फुलदाणी ठेवायला उभा आहे. ती धावत जाते, तीच धून वाजवते, आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी. हातावर एकदम जवळून कॅमेरा. नुसता हात. पूर्ण पडदाभर!"

आणि त्याला आनंद झाला. लपवता येईना असा, पोरकट, कानांपर्यंत चढणारा आनंद झाला. किती वर्षांत कुणी त्याला विचारलं नव्हतं, की हे तुम्ही कसं केलंत. मेकअपवाल्यानंही आरशातून बघून मान डोलावली. मग आईचा आवाज आठवला आणि तो आनंद तिथल्या तिथे अडकून बसला.

त्या दिवशी तो पडून राहिला तो डावा हात मांडीखाली घेऊन. वर कबुतर घुमत होतं. बाबा छापखान्यात कंपोझिटर होते. सुट्टीत आई त्याला बाबांचा डबा द्यायला पाठवायची आणि तो मुद्दाम परतायला उशीर करायचा. शाईचा आणि रॉकेलचा वास, भिंतीला तिरपे लावलेले लाकडी खण, आणि खणाखणातून शिशाची अक्षरं, त्यांना तिथे खिळे म्हणत. बाबा उभे. एका हातात खिळे लावायची पट्टी, दुसरा हात खणांवरून न बघता फिरतोय; टिपतोय, लावतोय, टिपतोय, लावतोय. कोंबडी दाणे टिपते तसा, पण आवाज टिकटिक असा. बाबा घरी फारसं बोलत नसत. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द उचलून माणूस दमत असेल, असं त्याला तेव्हा वाटे. मग एक दिवस त्यांना छापखान्यातून खुर्चीवर बसवून घरी आणलं. पुढच्या खोलीत खाट घातली. बाबा वर्षभर तिथे होते, आणि त्यांचा हात सारखा चालायचा. अंगठा आणि तर्जनी. उचलायचं, ठेवायचं. भेटायला आलेली माणसं बघत राहत आणि आई पदरानं हात पुसत सांगे, "खिळे जुळवतायत अजून." माणसांचे डोळे भरून येत. तो तेव्हा नुकता नाटकात शिरला होता. तालमीहून उशिरा यायचा, खाटेशी जरा बसायचा, हाताकडे बघायचा. पुढे ती गोष्ट त्यानं किती जणांना सांगितली असेल! तालमीनंतरच्या चहाला, नव्या मुलांना, एकदा एका वार्ताहराला, आणि त्यानं ती छापलीही. माणसाची बुद्धी जाते, वाचा जाते, पण हातातलं काम जात नाही. नाटक कोसळलं, प्रेक्षागृहात जेमतेम पहिली रांग भरली, की तो स्वतःलाच ती गोष्ट सांगे आणि पुन्हा रंग चढवायला बसे. त्याच्या सगळ्या उभं राहण्याखाली तो हात होता, असं म्हटलं तरी चालेल. मग त्या हातानं परक्या घरातल्या परक्या पलंगावर येऊन आपली ओळख दिली, तर आईला राग का यावा? वाईट वाटलं असेल. नवरा तसा पडलेला पुन्हा दिसला, म्हणून. असंच असेल.

संध्याकाळी सुटल्यावर तो घरी न जाता आईकडे गेला. आई एकटी राहायची, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. त्याच्याकडे चल म्हटलं की "तुमच्याकडे बोलायला तरी कोण असतं, दोघंही दमलेले" असं म्हणून विषय संपवायची. जिना चढताना तो दोनदा थांबला. दार उघडंच होतं. ती टेबलाशी बसून उसवलेल्या उशीच्या खोळीला टाके घालत होती. टीव्ही बंद होता आणि त्यावर टॉवेल टाकलेला होता.

"रंग नीट पुसत जा. कानामागे राहिलाय," ती म्हणाली.

तो समोर बसला. कानामागे हात फिरवला. "सकाळी काय ते सांगून फोन ठेवलास. दिवसभर जिवाला घोर."

"सांगितलं ना. तो हात काढ."

"आई, मी मुद्दाम नाही केला. झोप लागली होती मला. झोपेत झाला."

"मुद्दाम केला असतास तर मी काही बोलले नसते." तिनं सुई कापडात खोचली. "मुद्दाम केलेलं बघायची सवय आहे मला. तीस वर्षं बघतेय."

त्याला हसू आलं, पण ती हसत नव्हती. तो म्हणाला, "आवडलाय तो सगळ्यांना. उद्या त्याच्यावरच प्रसंग आहे. बाबांची आठवण राहील, आई. खिळे जुळवणारा हात आहे तो, लोकांना कळो न कळो."

"कुठला हात गेला होता त्यांचा?" आईनं विचारलं.

"अं?"

"कुठली बाजू गेली होती?"

"उजवी."

"आणि खिळे कुठल्या हातानं उचलायचे?"

तिरपी उन्हं खिडकीतून टेबलावर आली होती. छापखान्यातले बाबा त्याच्यासमोर उभे राहिले, स्वच्छ. डाव्या मुठीत पट्टी, आणि खणांवरून फिरणारा, टिपणारा, न बघता टिपणारा उजवा. इतकी वर्षं तो चित्र बघत आला होता आणि त्यात हे असं ठळक लिहिलेलं होतं.

"कुणीच कधी विचारलं नाही," आई म्हणाली. "छापखान्यातली माणसं येऊन बसायची, त्यांनीसुद्धा नाही. तू तर काय, लहान होतास."

"लहान कुठे? वीस-बावीसचा होतो."

"तेच म्हणते." तिनं खोळ बाजूला सारली. "चादर ओली झालेली असायची रे. त्यांना कळायचं ते. बोलता येत नव्हतं, पण कळत सगळं होतं. ओलं कुणाला दिसू नये म्हणून चिमटीत धरून बाजूला करायला बघायचे. होतंय कुठे एका हातानं? अंगाखालची चादर ती. मी बदलेपर्यंत तेच चालायचं. आणि मी तरी किती वेळा बदलणार, एका बाईनं उचलण्याइतका हलका माणूस नव्हता तो."

ती पुढे सांगू लागली.

"एकदा फोरमन आला. छापखान्याचा. खुर्ची ओढून अगदी जवळ बसला आणि ह्यांचं सुरू झालं. त्याचं लक्ष हाताकडे, मग चादरीकडे जाणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, खिळे जुळवतायत म्हणून. तो रडायलाच लागला. चादरीकडे बघितलंच नाही त्यानं. मग मला सापडलंच ते. जो येईल त्याला तेच."

"बाबांनी ऐकलं?"

"ऐकलं की. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता चिडणार." ती जरा थांबली. "तर दुसऱ्या दिवशी शेजारचे आले, आणि हे चादर सोडून हवेतूनच उचलायला लागले. हवेतून उचलायचं आणि छातीवर ठेवायचं. एकामागून एक, अगदी ओळीनं. शेजारी गेले तसे थांबले. त्यानंतर पाहुणा आला की तेच. वर्षभर केलं त्यांनी. वाईट करायचे हो, तुझ्यापेक्षाही वाईट. पण लोकांना खरं वाटायचं."

हे शेवटचं बोलताना तिच्या ओठांच्या कडेला काही तरी हललं. त्याला विचारायचं होतं, मला का नाही सांगितलंस. आणि त्याच क्षणी त्याला कळत होतं, की तो तरी पाहुण्यांहून वेगळा असा काय होता. तालमीहून येऊन जरा बसणारा. हाताकडे बघणारा.

"मग मी कुठला केला?" त्यानं विचारलं. आवाज त्याला वाटलं त्याहून बारीक निघाला.

"पाहुणे नसतानाचा," आई म्हणाली. "तू कधी बघितलास कोण जाणे. दाराआडून बघितला असशील. तो कुणी बघायचा नव्हता. आणि आता ही एवढी सगळी माणसं बघतायत, आणि मी काही त्यांच्यापुढे येऊन सांगू शकत नाही." तिनं खोळ पुन्हा हातात घेतली, टाका शोधू लागली. मग म्हणाली, "चहा ठेव. मला उठवत नाही."

दुसऱ्या दिवशी सेटवर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. चॅनेलमधली कुणी बाई आली होती. तिला खुर्ची दिली होती. रात्री त्यानं सगळं मनाशी घोळवलं होतं. नाही म्हणायचं, तर काय सांगायचं? माझ्या बाबांची चादर ओली होती म्हणून? आणि नुसतंच नाही म्हटलं तर लेखक एका बैठकीत म्हाताऱ्याला मारून मोकळा होईल. त्याचं त्याला भय वाटलं नाही असं नाही. बायकोच्या पायातले न काढलेले बूट त्याच्या डोळ्यांसमोर आले. पण भयाहून मोठी अशी एक मरगळ त्याच्यावर पसरली होती. तीस वर्षं जे मिळावं म्हणून दारोदार फिरलो ते एकदाच आलं, आणि आलं ते झोपेत, आणि तेही आपलं नव्हतं. त्याला पलंगावर निजवलं. चादर छातीपर्यंत ओढली, डावा हात बाहेर काढून ठेवला, वस्तू ठेवतात तसा. कॅमेरा इतका जवळ आला, की त्याच्या काचेत त्याला स्वतःची बोटं दिसत होती.

मालिकेतली त्याची बायको पायथ्याशी उभी होती. सगळे तिला ताई म्हणत. तीही जुनी, नाटकातलीच. उमेदीच्या काळात दोघांनी एकत्र दौरे केले होते, धर्मशाळेतल्या ढेकणांपासून कोसळलेल्या पडद्यांपर्यंत सगळं बघितलं होतं. या प्रसंगात तिला नुसतं उभं राहायचं होतं.

"सर, त्या दिवशीसारखंच. बस्स, त्या दिवशीसारखं," दिग्दर्शक म्हणाला आणि मागे सरकला.

धाकटी सून सूप घेऊन आली. चमचा पुढे केला. त्यानं वेळ जाऊ दिला. अंगठ्याला आणि तर्जनीला काय हवं होतं ते त्याला कळत होतं. चादरीची वीण त्यांच्याखाली होती, खरखरीत, कोरडी. ती धरावी असं त्यांना वाटत होतं. त्यानं बोटं ताणून चादरीपासून सोडवली, मनगट उचललं, आणि वाजवायला सुरुवात केली. पाचही बोटांनी. उचलून, आपटून, डोलवून. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरं खोटा पियानो वाजवतात तसं, अगदी करंगळीच्या नखऱ्यासकट. मध्येच एक लांब सूर धरावा तसा हात थांबवला, थरथरवला, आणि तो हळूहळू छातीवर आणून ठेवला. इतकं वाईट काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. प्रत्येक हालचाल त्यानं जपून वाईट केली. कुठे चुकून खरी होऊ दिली नाही. सुनेच्या हातातला चमचा वाडग्यात पडला, ती "बाबा!" म्हणून ओरडली आणि हॉलकडे धावली. तिकडून पियानोवर दोन-तीन सूर वाजले. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मात्र त्यानं काढलं नव्हतं.

"कट! कट! सर, काय सांगू तुम्हाला!" दिग्दर्शक नाक ओढत होता. चॅनेलवाली बाई टाळ्या वाजवत होती, आणि मग सगळेच वाजवू लागले, दिवेवाले, मेकअपवाला, वकील. "त्या दिवशीपेक्षा दसपट!" कुणी तरी म्हणालं.

पुढचा शॉट लावायला वेळ होता. माणसं चहाकडे पांगली. तो तसाच पडून राहिला. उठायचं त्राण नव्हतं. ताई पायथ्याकडून उशाशी आली आणि पलंगाच्या कडेवर टेकली.

"फार वाईट केलंत आज," ती हळू आवाजात म्हणाली.

"हो."

"मुद्दाम."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, मग तिचं लक्ष हाताकडे गेलं. सगळे गेल्यावर, त्याला नकळत, अंगठा आणि तर्जनी चादरीवर आली होती. चिमूट धरत होती, जरा उचलत होती, बाजूला नेत होती. त्यालाही ते आत्ता दिसलं. त्यानं थांबवायचा प्रयत्न केला नाही. दमला होता तो. लांबून दिग्दर्शकाचं हसणं ऐकू येत होतं. कॅमेरा तिथेच उभा होता, कुणी तरी त्याच्याकडे परत यायला निघालं होतं.

ताईनं एकदा मागे वळून बघितलं. मग काही न विचारता तिनं तो हात उचलून आत ठेवला, चादर वरपर्यंत ओढली आणि कडा गादीखाली खोचून टाकल्या, आणि येणाऱ्याला म्हणाली, "थांब रे जरा. झोपलेत ते."